ठसठस दहापैकी किती?

मराठीत सगळेच चावतात. विंचू चावतो, मधमाशी चावते, डास चावतो, कुत्रा चावतो आणि दुकानात लोण्यासारखी मऊ वाटलेली चप्पल घरी आणल्यावर चावते. यातला विंचू तोंडाने आपल्या वाटेला कधीच जात नाही. त्याचं सगळं भांडवल शेपटीच्या टोकाला. मधमाशीचंही तेच. या दोघांनी जन्मात एकदाही माणसाचा चावा घेतलेला नाही. तरी एकनाथ महाराजांच्या भारुडापासून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरापर्यंत विंचू आपला चावतोच आहे. नांगी मारणं, डंख मारणं, डसणं, दंश करणं हे शब्द आपल्याकडे नाहीत असं नाही. पण ते शाळेच्या निबंधात. मध्यरात्री एखादा माणूस अंथरुणातून उठून ‘अगं, मला वृश्चिकदंश झाला’ असं ओरडला, तर घरातली माणसं दिवा लावायच्या आधी त्याच्या शुद्धीची चौकशी करतील.

सापाच्या बाबतीत तर चावणं हा शब्दही जड वाटतो. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तो ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ होतो आणि चावला की ‘पान लागलं’ म्हणायचं. शहरातून नवीनच बदलून आलेल्या डॉक्टरला वाटावं, विड्यातली तंबाखू लागली. तो लिंबूपाणी द्या म्हणून सांगायचा आणि इकडे माणूस हातचा जायचा.

व्याकरणाने तर आणखी घोळ घातला आहे. डास पुल्लिंगी. प्रत्यक्षात रक्त पिते ती मादी, अंडी घालण्यासाठी तिला ते लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर गुजराण करतो. म्हणजे पिढ्यानपिढ्या ‘मेला डास चावला’ म्हणून आपण एका शाकाहारी प्राण्याला शिव्या घातल्या. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांच्याबाबत मात्र व्याकरण बरोबर निघालं. त्यांच्यात डंख मारणाऱ्या सगळ्या माद्याच, कारण नांगी हा मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला अवतार आहे. आणि जळू? तीत नर-मादी दोन्ही एकाच अंगात, म्हणून व्याकरणाने काही ठरवलं तरी ते अर्धं बरोबरच. शिवाय जळू चावत नाही, ‘लागते’. पावसाळ्यात सह्याद्रीतून उतरून आलेला माणूस मोजा काढतो आणि रक्त पाहून मग ओरडतो. लागताना तिने कळूच दिलेलं नसतं.

चावणाऱ्यांच्या हत्यारांबद्दल मराठी इतकी बेपर्वा का, याचं उत्तर मला तरी सोपं वाटतं. भाषा चावणाऱ्यांनी केलेली नाही, चावून घेणाऱ्यांनी केली आहे. समोरच्याने दात वापरले की शेपटी, ही चौकशी फावल्या वेळची. आपल्या अंगात पुढे काय काय झालं, याचा हिशेब मात्र पैन्‌पै ठेवलेला आहे.

नावंसुद्धा त्याच हिशेबाने पडली. कड्याकपारीला आणि उंच झाडांना मोठाली मोहोळं लावते ती आग्या माशी. ती दिसते कशी, राहते कुठे, मध किती देते, हे सगळं राहिलं बाजूला. ती चावल्यावर आग होते, एवढ्यावर बारसं उरकलं. तिच्या गरीब बहिणींना सातेरी, फुलोरी अशी घरंदाज नावं मिळाली. खाजकुयलीच्या शेंगेवर किती सुंदर सोनेरी लव असते! पण ती लव ज्याच्या मानेवर कुणीतरी वर्गात टाकली, त्याने नाव ठेवलं आणि तेच टिकलं. गांधीलमाशी चावली की अंगावर गांधी उठतात. त्या गांधींचा आणि माशीच्या नावाचा संबंध कोशकारांनी लावत बसावं. मला इतकंच ठाऊक आहे की नावात गांधी असूनही या बाईच्या स्वभावात अहिंसेचा मागमूस नाही. मधमाशीची नांगी करवतीसारखी, ती आपल्या कातडीत अडकते आणि माशी मरते. गांधीलमाशीची गुळगुळीत. ती एकदा डंख मारते, पुन्हा मारते आणि घरी जाऊन जेवते.

आता हिशेबाचं म्हणाल तर साध्या बाभळीच्या काट्याचंच घ्या. काटा आधी टोचतो. हे काम क्षणाचं. चप्पल फोडून आत गेला की रुततो. उपटायला गेलं आणि टोक आत राहिलं की मोडतो. मोडलेला काटा सलतो. दिवसभर चालताना, बसताना, कुणाशी बोलताना तो आपला आत सलत असतो आणि आपण एक पाय किंचित वाकडा टाकतो. रात्री तो ठणकायला लागतो. दुसऱ्या दिवशी भोवताली लाल होऊन हुळहुळतो, म्हणजे पांघरूण लागलं तरी जीव जातो. मग पिकतो आणि ठसठसतो. त्यावर रुईचा चीक लावा, गूळ बांधा, सुईने कोरा, शेवटी काटा निघतो. मग उरते ती नुसती चुरचूर. एका काट्यासाठी इतकी क्रियापदं आणि यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘काटा ठसठसत आत गेला’ म्हणून पाहा. ‘काटा मोडून चार दिवस टोचतोय’ म्हटलं तर ऐकणारा मुकाट्याने दुरुस्ती करतो. बोचणं आणखी वेगळं: बोचतं ते बाहेरून, लोकरीचा स्वेटर, शर्टाच्या मागच्या बाजूचं लेबल, खाटेची मोडकी पट्टी. आणि खुपतं ते डोळ्यात. डोळ्यात कुसळ खुपतं आणि शेजाऱ्याची नवी गाडीही खुपते. मराठी डोळा या दोन्हींत फारसा फरक करत नाही.

ही सगळी श्रीमंती घेऊन मराठी माणूस अलीकडे मोठ्या इस्पितळात जातो आणि तिथे त्याला आकडा विचारतात.

आमच्या शेजारच्या काकूंच्या करंगळीला नखुरडं झालं होतं. मी सोबत गेलो. तपासायला एक तरुण डॉक्टर होता, शिकाऊ असावा, वागायला अगदी अदबीचा. हातात फॉर्म.

“आजी, दुखणं शून्य ते दहामध्ये किती सांगाल? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही.”

“ठसठसतंय हो.”

“हो, पण आकडा?”

“आकडा कसला? काल रात्री ठणकत होतं. पहाटे जरा डोळा लागला. आता ठसठसतंय. आणि हे असं फडकं जरी लागलं ना, तरी हुळहुळतं. मध्येच अशी एक तिडीक येते, थेट कोपरापर्यंत.”

डॉक्टरने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. त्याच्या फॉर्मवर तिडिकीला जागा नव्हती.

“मग पाच लिहू का?”

“पाच कशाचे? ठणक्याचे की ठसठशीचे?”

“दोन्ही मिळून.”

“दोन्ही एका वेळी कसं होईल? ठणकतं तेव्हा ठसठसत नाही.”

“बरं, चार लिहितो.”

“दहापैकी चार?” काकू प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. “म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या वर गेलं. पास झालं म्हणायचं.”

त्यात त्या पोराचा दोष नव्हता. त्याला तसंच शिकवलेलं. पण काकूंनी जे सांगितलं ते जुन्या काळच्या वैद्याला किंवा एखाद्या आजीबाईला पुरेसं होतं. ठणका बसून ठसठस सुरू झाली म्हणजे आत पू धरला आहे, आता पोटीस बांधा किंवा चिरा द्या. चाराच्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

दुखणं आकड्यात बसवायचा नाद सगळ्यात मनापासून कुणी केला असेल तर तो अमेरिकेतल्या जस्टिन श्मिट या कीटकशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ अ‍ॅरिझोनात राहून मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या विषाचा अभ्यास करत असे आणि त्या ओघात जगभरच्या कित्येक जातींकडून स्वतःला डंख मारून घेत असे. १९८३ साली त्याने वेदनेची एक मोजपट्टी मांडली, शून्य ते चार. आपल्या ओळखीची मधमाशी त्यात दोनवर आहे. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली एक मोठी मुंगी, जिला तिथले लोक बंदुकीच्या गोळीचं नाव देतात, ती चारवर. आता गंमत अशी की नुसता आकडा लिहून श्मिटचंही समाधान होईना. मग त्याने प्रत्येक डंखाला दोन-दोन ओळींचं वर्णन जोडलं, दारूचे जाणकार घोट घेऊन जसं लिहितात तसं. लोक ती पट्टी वाचतात ती त्या वर्णनांसाठी. दोन आणि चार कुणाच्या लक्षात राहत नाहीत. बिचारा इंग्रजीत लिहीत होता. मराठीत असता तर वर्णनाचा खर्च वाचला असता, प्रत्येक माशीसमोर एक क्रियापद लिहून मोकळा झाला असता.

त्याच्यावर ताण करणारा एक निघाला. कॉर्नेल विद्यापीठातला मायकेल स्मिथ नावाचा विद्यार्थी. मधमाशी दोनवर आहे हे ठीक, पण दोन म्हणजे अंगावर कुठे, हा त्याचा प्रश्न. म्हणून त्याने चिमट्यात मधमाशी धरून शरीराच्या पंचवीस वेगवेगळ्या जागी स्वतःला डंख मारवून घेतले, काही जागा तर अशा की इथे सांगता येणार नाहीत, आणि प्रत्येकाला गुण दिले. २०१४ साली निकाल छापून आला. सगळ्यात सोसायला सोपी जागा म्हणजे डोक्याची कवटी, पायाच्या मधल्या बोटाचं टोक आणि दंड. सगळ्यात वाईट नाकपुडी, त्याखालोखाल वरचा ओठ. २०१५ साली स्मिथ आणि श्मिट या दोघांना मिळून इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हे पारितोषिक देतात.

आता नाकपुडीचा पहिला नंबर वाचून काही मंडळी लगेच उठतील आणि म्हणतील, पाहा, आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं, म्हणून तर मराठीत मिरच्या नाकाला झोंबतात, कोपराला झोंबत नाहीत! कृपा करून बसा. पूर्वजांनी मिरची कुटली आणि त्यांना ठसका लागला, एवढंच त्यातलं संशोधन. शिवाय ती मिरचीच मुळी पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून इथे आली, म्हणजे हा वाक्प्रचार फार प्राचीन असण्याची शक्यता नाही.

पण मिरचीचा विषय निघालाच आहे तर झोंबण्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठीतला हा सर्वांत कामसू शब्द. कांदा डोळ्यांना झोंबतो, बाम कपाळाला झोंबतो, डिसेंबरचा गार वारा कानाला झोंबतो, खरडा जिभेला झोंबतो, आणि जाऊबाईंचं एक वाक्य सहा वर्षं झोंबतं. मिरचीतल्या कॅप्सेसिन नावाच्या द्रव्याने तोंडात जी आग होते तिचं कारण डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं. २०२१ साली त्यांना त्यासाठी अर्धं नोबेल मिळालं. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक व्यवस्था असते. साधारण ४३ अंशांच्या वर गरम लागलं की ती बोंब ठोकते. कॅप्सेसिन त्याच ठिकाणी जाऊन बसतं, त्यामुळे पोळलेलं काहीच नसताना तोंड पोळल्याची बातमी मेंदूकडे जाते. कोल्हापुरात गारढोण झालेली मिसळ खाऊन कपाळावर घाम येतो तो याच बातमीमुळे. त्यावर लोक पाणी पितात. ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेल-तुपात विरघळतं, म्हणून पाण्याने आग नुसती तोंडभर फिरते. ताक किंवा दही घ्यावं. मिसळीबरोबर ताक ठेवणाऱ्याला हे कुणी प्रयोगशाळेतून येऊन सांगितलं नव्हतं.

सुरण आणि अळू झोंबत नाहीत, खाजतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते खरोखरच घशाला टोचतात, म्हणून चिंच किंवा आमसूल. ‘अळू खाजरं निघालं’ हे वाक्य सासूने उच्चारलं की ते अळूबद्दल नसतं, हे वेगळं सांगायला नको.

बोलण्याच्या बाबतीत आपण डंखाचं सगळं कोठार उघडं टाकलं आहे. टोमणा बोचतो, शालजोडीतला लागतो, कुणाचं तरी कुचकट बोलणं सलत राहतं, मोहोळ उठवायला एक दगड पुरतो आणि डूख धरायला तर साप असावंच लागत नाही. सगळ्यात अवघड प्राणी म्हणजे पिंडीवर बसलेला विंचू: देवावर बसलाय म्हणून चपलेने मारता येत नाही आणि विंचू आहे म्हणून हाताने उचलता येत नाही. प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत असा एक असतो. त्याच्या कारकिर्दीत सगळ्यांनी नांगी टाकलेली असते, त्याची सोडून.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते मात्र शब्दशः खरं आहे. विंचवीण पिल्लांना जन्म देते आणि ती पांढुरकी पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर राहतात. फोटो काढायला फार गोड दिसतं. कोनाड्यात हात घालून पाहायला नाही.

विंचवापाशी मात्र विनोद जरा आवरता घ्यावा लागतो. गावाकडे विंचू ‘चढतो’ आणि मग तो ‘उतरवायचा’ असतो. उतरवणारा माणूस पंचक्रोशीत एक तरी असतोच. काळी, जाडजूड इंगळी पाहून छाती धडधडते, पण जीव घेते ती तिच्यापुढे किरकोळ दिसणारी लाल विंचवाची जात. कोकणात तिचे रोगी फार. अंगाला दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार, मग हृदयावर ताण आणि फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असे रोगी पाहिले आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं. पूर्वी गंभीर रोग्यांतले शंभरापैकी चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा रोग्याला दुखणं दहापैकी किती, हे विचारून भागत नाही. घाम किती सुटला, ओकारी झाली का, तळपाय गार लागतात का, हे पाहावं लागतं. विंचू चढला म्हणजे काय, हे रोग्याच्या म्हाताऱ्या आईकडून नीट ऐकून घ्यावं लागतं.

समुद्रकाठी वेगळे हिशेब. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकटांनी पुष्कळ भाविकांच्या पायांना काटा मारला. एरवी हाच पाकट कोळणीच्या टोपलीत निमूट पडलेला असतो आणि आपण भाव करून त्याचं कालवण करतो. त्याने कधीतरी परतफेड केली तर फार मनाला लावून घेऊ नये. जखमेला मात्र सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, आराम पडतो, आणि मग दवाखाना.

तर आकड्यांबद्दल. वैद्यकशास्त्राला शब्दांचं महत्त्व कळलेलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत आकड्यांच्या आधी शब्द येतात: वेदनेची अठ्ठ्याहत्तर इंग्रजी विशेषणं, वीस गटांत वाटलेली, आणि रोग्याने आपल्याला लागू पडतील ती निवडायची. आठव्या गटात डंखाचं कुटुंब आहे. मुंग्या येणं, खाजणं, चुरचुरणं, डंख बसणं, असे चार शब्द. चारच! हुळहुळणं नाही, झोंबणं नाही, भगभग नाही. कोपर दाराला आपटल्यावर येणाऱ्या झिणझिण्यांना तर तिथे उभं राहायलाही जागा नाही.

तेव्हा मराठी मुलखातल्या डॉक्टर मंडळींना एक विनंती आहे. फॉर्मवर आकडा छापलेला असेल तो असू द्या, विमा कंपनीला तो लागतो म्हणतात. पण त्याच्या खाली एक रेघ मोकळी सोडा आणि रोगी जे क्रियापद बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. आणि वाचकहो, तुम्हीही तपासणीच्या खोलीत शिरताच ‘डॉक्टर, पेन होतंय’ म्हणू नका. ठणकत असेल तर ठणकतंय म्हणा. आमच्या काकूंची करंगळी शेवटी चिरावीच लागली. तिच्यात पू होता.